मिस्त्रीचं घर गंगेत, आधारवर पत्ता मात्र तोच

बाथरूमच्या फरशा बदलायला आलेला मिस्त्री पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा, कालियाचक भागातला. चहा पिता पिता त्याने मोबाईलवर नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि निळ्यावर नखाने टकटक केलं. "ये हमारा घर था." नुसतं पाणी. आधारवर पत्ता अजून तोच.

तेव्हापासून गंगेवरचा फराक्का बंधारा डोक्यातून जात नाहीये. बंधारा १९७५ ला सुरू झाला. ३८ किलोमीटरच्या कालव्यातून भागीरथी-हुगळीत पाणी सोडायचं आणि कोलकाता बंदरातला गाळ धुऊन काढायचा, हा बेत. गाळ बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला साचत गेला आणि नदी डावा काठ, म्हणजे मालदा, खात सुटली, हे अभ्यासक कधीपासून सांगताहेत. खचलेली जमीन पलीकडे झारखंडच्या बाजूला 'चर' म्हणून वर येते. जमीन राज्य बदलते, माणूस पुण्याला येतो.

खाली बांगलादेश. पाणीवाटपाचा दोन देशांतला १९९६ चा गंगा करार ३० वर्षांचा, मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत. जानेवारी ते मे, दर दहा दिवसांचा हिशेब: फराक्क्याला ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. काठ खचून उठलेल्या माणसांसाठी मात्र एक कलम नाही.

माझं म्हणणं, नवा करार लिहिण्याआधी मालद्याच्या गौडबंग विद्यापीठातल्या आणि पलीकडच्या राजशाही विद्यापीठातल्या लोकांना एका टेबलाशी बसवा. पाणी आणि स्थलांतर एकाच वहीत मांडू द्या. काठ किती सरकला हे भूगोलाचा विद्यार्थीसुद्धा उपग्रहाच्या फुकट फोटोंवरून काढेल. पण प्रवाहाचे आकडे? गंगेचे आकडे आपल्याकडे गोपनीय. सरकार म्हणतं, आधी गुप्ततेची हमी लिहून द्या, मग बघू! जे आकडे दोन्ही सरकारांच्या संयुक्त समितीपुढे असतात, ते आपल्याच प्राध्यापकापासून कशाला लपवायचे?

"बंगालचं झेंगट, आपल्याला काय?" म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावं. सांगली बुडत होती आणि अलमट्टीतून किती सोडताहेत हे विचारत आपणही रात्री काढल्याच की.

आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडून थेट बांगलादेशात ढकललेले मुर्शिदाबादचे काही मजूर नंतर परत आणावे लागले होते. आपलेच नागरिक. ज्याचं गावच नदीत गेलंय त्याच्याकडे कागद मागताना निदान हे कुणीतरी अभ्यासून ठेवलेलं असावं.

आमच्या मिस्त्रीचं आधार सोसायटीच्या गेटवर चार दिवसांत तीनदा पाहिलं गेलं. तो काही बोलला नाही. फरशा मात्र झकास बसवल्यात. उतार बरोबर जाळीकडे, पाणी कुठे थेंबभर थांबत नाही.