‘डिस्कचा जमाना संपला’ म्हणणाऱ्यांसाठी

गेली दोन-तीन वर्षं एक मजकूर थोड्याफार फरकाने सारखा फिरतो आहे. सोनीने ब्लू-रे (डीव्हीडीनंतर आलेली, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) बंद केलं, मोठ्या दुकानांनी डिस्क काढून टाकल्या, सगळं स्ट्रीमिंगवर त्याच दर्जाचं मिळतं, एखादा सिनेमा कायमचा हवा असेल तर डिजिटल विकत घ्या, आणि डिस्क तर काही वर्षांत सडतेच. थोडक्यात, आता डिस्क घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. हे वाचून चांगले जाणते लोकही कपाटं रिकामी करायला निघालेत, म्हणून एकेका विधानाला उत्तर देतो.

सोनीची बातमी अर्धवट वाचली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने थांबवलं ते कोऱ्या, घरी रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन. सोबत मिनीडिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट ही रेकॉर्डिंगची जुनी माध्यमंही गेली. सिनेमे येतात त्या डिस्क साच्यातून छापून काढतात, त्यांचा या निर्णयाशी संबंध नाही. उलट २०२४ मध्ये डिस्नेने अमेरिका आणि कॅनडातल्या आपल्या डिस्कचं काम सोनीच्याच चित्रपट विभागाकडे सोपवलं.

दुकानांबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवलं, बेस्ट बाय या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणं सोडलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतली डिस्कची विक्री एक अब्ज डॉलरच्या खाली गेली. धंदा आटलाय, यात वाद नाही. पण त्यावरून ‘नवीन काही निघतच नाही’ असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. ‘ओपनहायमर’ची फोरके (साध्या ब्लू-रेहून जास्त बारकावे दाखवणारी) डिस्क नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि पहिल्याच आठवड्यात जागोजागी संपली. ‘लोकी’, ‘वांडाव्हिजन’, ‘द मँडलोरियन’ या खास स्ट्रीमिंगसाठी बनवलेल्या मालिका त्याच वर्षी डिस्कवर आल्या. ‘रोमा’ आणि ‘द आयरिशमन’ हे नेटफ्लिक्सचे सिनेमेसुद्धा क्रायटेरियन या निवडक सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या कंपनीने २०२० मध्येच डिस्कवर काढले होते.

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचं उदाहरण तर मुद्दाम सांगायला हवं. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. वितळलेल्या, ठिसूळ झालेल्या त्या रिळांतून जेवढं वाचवता येईल तेवढं इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत हाताने दुरुस्त केलं गेलं. जिथे निगेटिव्ह गेलीच होती तिथे इतर प्रतींमधून भर घातली गेली. ती आवृत्ती २०१५ मध्ये ब्लू-रेवर आली आणि पुढे २०२४ मध्ये फोरके डिस्कवर. मेलेल्या माध्यमासाठी इतकी मेहनत कोणी घेत नाही.

‘सगळं स्ट्रीमिंगवर आहे’ हे विधान मला सगळ्यात घातक वाटतं, कारण त्यावर विसंबून माणसं हातचं सोडून देतात. ‘विलो’ ही मालिका डिस्ने प्लसवर ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये तिथून काढून टाकली गेली. सहा महिनेही झाले नव्हते. तिची डिस्क निघालेली नाही, त्यामुळे ज्यांनी ती बनवली त्यांनाही ती सरळ मार्गाने दाखवायची सोय उरली नाही. ‘वेस्टवर्ल्ड’ डिसेंबर २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सवरून गेली, म्हणजे खुद्द तिच्या निर्मात्यांच्याच सेवेवरून. पण तिचे चारही सीझन डिस्कवर निघालेले होते. ज्यांच्याकडे ते होते, त्यांना या निर्णयाने काडीचाही फरक पडला नाही.

मग डिजिटल विकत घेतलं तर? ‘खरेदी करा’ असं बटण असतं, आपल्याला मिळतो तो फक्त पाहण्याचा परवाना, आणि तोही सेवा चालू असेपर्यंत. स्टुडिओकनाल या फ्रेंच कंपनीचे सिनेमे प्लेस्टेशन या सोनीच्या गेम-यंत्रावर पैसे मोजून घेतलेल्या जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांच्या खात्यांतून ते ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस नाहीसे झाले. फनिमेशनचं प्रकरण तर अगदी आमनेसामने तुलना करता येईल असं आहे. या कंपनीच्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) डिस्कच्या खोक्यात डिजिटल प्रतीचा कोड यायचा. एप्रिल २०२४ मध्ये फनिमेशनची स्ट्रीमिंग सेवा बंद होऊन क्रंचीरोल या दुसऱ्या ॲनिमे सेवेत विलीन झाली आणि त्या कोडवर मिळालेल्या सगळ्या डिजिटल प्रती गेल्या, कारण नव्या सेवेत त्या हलवायची सोयच नव्हती. एकाच खोक्यातल्या दोन प्रती: डिजिटल बुडाली, डिस्क आजही लागते. कॅलिफोर्नियाने याच फसगतीवर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल विकताना, ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही.

आता दर्जा. फोरके म्हणजे फोरके, मग फरक कसला, असं विचारलं जातं. पिक्सेल सारखेच असतात, पण त्यांच्यापर्यंत माहिती किती पोचते हा प्रश्न आहे. नेटफ्लिक्स फोरकेसाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेगाचं इंटरनेट पुरेसं मानतं. त्या वेगाने अडीच तासांच्या सिनेमाला साधारण १७ जीबी माहिती येते. फोरके डिस्कवर बहुतेकदा ६६ किंवा १०० जीबी जागा असते. उजेडातल्या, शांत दृश्यात फरक चटकन कळणार नाही, हे मान्य. अंधार, धूर, पाऊस किंवा धुकं आलं की कळतो: काळ्या रंगात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे पडतात, धुराचे चौकोन होतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या एप्रिल २०१९ मधल्या रात्रीच्या लढाईच्या भागाबद्दल जगभर ओरड झाली होती की काही दिसतच नाही. तो भाग मुळातच गडद चित्रित केलेला आहे, पण डिस्कवर तो पाहिला की त्या अंधारात किती काही मांडलेलं होतं ते दिसतं. आवाजाची तफावत तर याहून मोठी. स्ट्रीमिंगवर तो दाबून, काटछाट करून येतो. डिस्कवर बहुतेकदा मूळ मिश्रण जसंच्या तसं असतं.

शिवाय स्ट्रीमिंगवरची प्रत केव्हा बदलेल याचा नेम नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग डिस्ने प्लसवर आले ते वरून-खालून कापून, रुंद पडदा भरण्यासाठी. एका भागात बिअरच्या कारखान्याचं दृश्य आहे. साधी बिअर, लाइट बिअर, ड्राय बिअर अशा तीन वेगळ्या नावांच्या टाक्या शेजारी-शेजारी, आणि वर पाहिलं तर तिघींत एकाच नळीतून तीच बिअर पडतेय. सगळा विनोद त्या वरच्या नळीत आहे आणि नेमकी तीच कापली गेली. मूळ चौकट परत यायला मे २०२० उजाडला. डीव्हीडीवर ती पहिल्यापासून शाबूत होती. डिस्कची प्रत्येक नवी आवृत्ती चांगलीच असते असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’च्या फोरके डिस्कवर चेहरे मेणासारखे गुळगुळीत केल्याची टीका झाली आणि ती मला पटते. पण ज्याच्याकडे ‘एलियन्स’ची जुनी ब्लू-रे आहे, त्याच्याकडून ती कोणी काढून घेतली नाही.

डिस्क सडते, हे काही बाबतीत खरं आहे. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओच्या साधारण २००६ ते २००८ या काळात काढलेल्या अनेक डीव्हीडी लागेनाशा झाल्या, आणि कंपनीने २०२५ मध्ये ते मान्य करून बदलून देण्याची तयारी दाखवली. तो त्या काळातल्या उत्पादनातला दोष होता. त्या वर्षांतल्या वॉर्नरच्या डीव्हीडी असतील तर एकदा शेवटपर्यंत लावून पाहा. बाकी डिस्क ऊन आणि दमटपणा यांपासून दूर, उभ्या ठेवल्या तर दशकानुदशकं टिकतात. नव्वदच्या दशकातल्या कित्येक डीव्हीडी आजही चालतात.

राहिला प्लेअरचा प्रश्न. सॅमसंग आणि एलजी यातून बाहेर पडले, तरी सोनी आणि पॅनासॉनिक अजून प्लेअर बनवतात, आणि डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घरात असेल तर त्यावरही फोरके डिस्क लागते. फोरके डिस्कला रीजन कोड (ठराविक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालण्याचं बंधन) नसतो, त्यामुळे ती कुठल्याही देशातून मागवली तरी चालते. साध्या ब्लू-रेला आणि डीव्हीडीला मात्र रीजन असू शकतो. घेण्याआधी खोक्याच्या मागची खूण तेवढी पाहून घ्या.