भेगाळलेल्या टाचा आणि 'वात प्रकृती'

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या भागात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. "फक्त १० प्रश्न, २ मिनिटं! तुमचं शरीर आणि मन वात, पित्त की कफ, ओळखा. एकदा प्रकृती कळली की स्वभाव, आहार, होणारे आजार, जुळणारा जोडीदार, सगळं कळतं. ५००० वर्षांपूर्वीचं शास्त्र, आता डीएनएनंही सिद्ध!" खाली प्रश्न. त्वचा कोरडी आहे का? टाचांना भेगा पडतात का? सांधे वाजतात का? ऊन सोसतं का? राग लवकर येतो का? हात-पाय गार पडतात का? ज्या रकान्यात खुणा जास्त, ती तुमची प्रकृती.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर. विदर्भातल्या वणीकडच्या एका गावात एकोणीस वर्षं दवाखाना चालवते. आमच्या बचत गटातल्या कुणीतरी तो मजकूर झेरॉक्स करून वाटला आणि पुढच्या आठवड्यात बाया कागद भरून माझ्यासमोर हजर. एकीनं आल्याआल्याच विचारलं, "मॅडम, मी त पित्त निघाली. माही सासूबी पित्तच निघाली. आता कसं करा जी?" हसले खरी, पण कागद हातात घेऊन नीट वाचले तेव्हा हसू गेलं.

पहिला दावा दोन मिनिटांचा. प्रश्न कुठून आलेत ते आधी सांगते, कारण ते हवेतून आलेले नाहीत. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या विमानस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात प्रकृतीची लक्षणं दिली आहेत. वात 'विशद', म्हणजे चिकटपणा नसलेल्या गुणाचा म्हणून वातप्रकृतीच्या माणसाचे अवयव फुटतात, चालताना सांधे वाजतात, असं तिथं लिहिलंय. कागदातला भेगांचा प्रश्न तिथला. फक्त चरकापुढं कापसाच्या पराटीत वेचणीला जाणारी बाई नव्हती, आणि कागद बनवणाऱ्यापुढं तर नक्कीच नव्हती. दिवाळीपासून माघापर्यंत कापूस वेचायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांच्या पेरांत रुततात, नखांच्या कडा सोलतात. पायात चप्पल असली तर असली. संध्याकाळी घरी येऊन निरम्यानं भांडी, धुणं. त्या हातापायांना भेगा पडल्या नाहीत तर नवल. बचत गटातल्या जवळजवळ सगळ्या बाया 'वात' निघाल्या होत्या. ज्या दोघी 'पित्त' निघाल्या, त्यांनी कागद मे महिन्यात दुपारी भरला होता.

गंमत म्हणून आमच्या ह्यांना तोच कागद तीनदा भरायला लावला. मे महिन्यात ४५ अंशांत 'ऊन सोसत नाही, घाम फार, चिडचिड फार': पित्त. ऑगस्टमध्ये सर्दीनं नाक चोंदलेलं असताना: कफ. जानेवारीत ओठ उकलल्यावर: वात. आता सुश्रुत हा आमचा दुसरा जुना आचार्य शारीरस्थानात स्पष्ट सांगतो की शुक्र-शोणिताच्या संयोगाच्या, म्हणजे गर्भ राहण्याच्या वेळी जो दोष प्रबळ असतो त्यानं प्रकृती ठरते, आणि ती पुढं बदलत नाही. बदलली तर माणसाचं आयुष्य संपलं असं समजावं. त्या हिशेबानं आमचे हे एव्हाना दोनदा गेलेले असायला हवेत. ते तर आत्ता बाहेर चहा पिताहेत.

कागद मोजतो ती आजची अवस्था. ऋतू, काम, कालचं जेवण, रात्रीची झोप, अंगातला आजार, सगळ्याची त्यात सरमिसळ असते. वैद्यकाच्या भाषेत यातलं बरंचसं विकृतीच्या, म्हणजे बिघाडाच्या खात्यात जातं. चरक रोग्याची तपासणी दहा अंगांनी करायला सांगतो: प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती, वय. कागदानं त्या दहातलं एक अंग उचललं, त्याचीही अर्धीच लक्षणं घेतली आणि वर 'ओळखा स्वतःला' लिहिलं. तिसरा आचार्य वाग्भट म्हणतो, रोगी पाहून, स्पर्श करून आणि विचारून तपासावा. पाहणं आणि स्पर्श करणं मोबाइलला जमत नाही, उरलं विचारणं. तेही आपणच विचारायचं आणि आपणच उत्तर द्यायचं.

चरकाचीच आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ती आमच्यासारख्या भागाला फार लागू पडते. इंद्रियस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की माणसाची प्रकृती जातीला, कुळाला, देशाला, काळाला, वयाला धरून असते आणि शिवाय ज्याची त्याची वेगळी असते. म्हणजे कोकणातल्या माणसाची त्वचा आणि वणीच्या माणसाची त्वचा एकाच फूटपट्टीनं मोजू नये, हे त्यालाही कळत होतं. फॉरवर्डमध्ये गाव विचारलेलं नाही, वय विचारलेलं नाही, काम तर नाहीच नाही.

दुसरा दावा: माणूस तीनपैकी एका खान्यात बसतो. हा लवकर संपवते. सुश्रुत सात प्रकृती सांगतो: एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि तिन्ही सम असलेली एक. तीन खाने छापले की कागद सोपा होतो, एवढंच त्यामागचं शास्त्र.

मनाचा दावा मात्र सोडवत नाही. "वात म्हणजे काळजी करणारे, पित्त म्हणजे रागीट पण पुढारी, कफ म्हणजे शांत, क्षमाशील, जरा आळशी." वातप्रकृतीची माणसं लवकर घाबरतात, लवकर लोभावतात, ऐकलेलं पटकन घेतात आणि पटकन विसरतात, असं ग्रंथात आहे, नाही म्हणणार नाही. पण मनाचा विचार चरकानं वेगळा मांडलाय. शारीरस्थानात सत्त्वाचे, म्हणजे मनाचे सोळा प्रकार दिलेत: सात्त्विक सात, राजस सहा, तामस तीन. ब्राह्म, आर्ष, याम्य, गांधर्व अशी त्यांची नावं आहेत. सोळा खाने दोन मिनिटांत भरत नाहीत म्हणून ते गाळले असणार.

बचत गटाच्या पुढच्या सभेत मी एक लबाडी केली. वात निघालेल्या बायांना त्यांच्या स्वभावाचा परिच्छेद म्हणून कफाचा वाचून दाखवला. "तुम्ही वरून शांत दिसता, पण मनात खूप काही साठवून ठेवता. घरच्यांसाठी स्वतःची इच्छा बाजूला ठेवता." बाया माना डोलवू लागल्या. एकीनं पदर डोळ्याला लावला. "बराबर लिहिलं जी, अगदी माहंच हाय." मग सांगितलं की हे तुमचं नाहीच. थोडा वेळ कुणी बोललं नाही. १९४८ साली बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हेच केलं होतं. वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं स्वभावचित्र' म्हणून एकच मजकूर वाटला. तो किती जुळतो याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला "तुम्ही घरच्यांसाठी मन मारता" म्हणा, जुळणारच.

आणि काळजी. आमच्याकडे रात्री तीनला जाग येणारा माणूस दर तिसऱ्या घरात सापडेल. कर्ज डोक्यावर, पाऊस उशिरा, बोंडअळी, कापूस घरात साठवून चांगला भाव येण्याची वाट. त्याची झोप उडाली तर कागद म्हणतो, वात वाढला, तळपायाला तेल चोळा. तेल चोळायला माझी हरकत नाही, मीही सांगते. पण महिनाभर झोप नाही, जेवण उतरत नाही, माणूस बोलेनासा झाला, शेतावर जायचं टाळतो, तर त्याला प्रकृतीचं नाव देऊन गप्प बसवू नका. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे. मराठीतून बोलता येतं.

आहाराच्या दाव्यावरून तर घरोघरी भांडणं लागली. "वात असेल तर ज्वारी, तूर, हरभरा, वांगं बंद. पित्त असेल तर आंबट-तिखट, अंबाडी बंद. कफ असेल तर दूध, दही, भात बंद." वऱ्हाडातल्या चुलीवर मग शिजवायचं काय? सासू-सून पित्त, नवरा वात, पोरगा कफ, तर तीन हंड्या मांडायच्या? एका बाईनं खरंच दोन महिने तुरीचं वरण सोडलं होतं. मांस-अंडी कधीमधी, दूध चहापुरतं, आणि वरणही गेलं. पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक. थकवा, केस गळणं, हात-पाय गार पडणं, छातीत धडधड ही सगळी लक्षणं तिच्या कागदावर वाताच्या रकान्यात होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे 'हात-पाय गार पडतात का' या प्रश्नाला हो म्हणणाऱ्या कितीतरी बायांना आधी लोहाच्या गोळ्या लागतील.

ज्वारी रूक्ष आहे हे खरंच. म्हणून तर आपल्याकडं भाकरीवर तेल, जवसाची चटणी, फोडणीचं वरण असतं. पिढ्यान्पिढ्या जे खाऊन अंगाला मानवलं, त्याला चरक ओकसात्म्य म्हणतो आणि त्याला मान देतो. फॉरवर्डला आपली भाकरी माहीतच नाही.

आता आजारांचा दावा. "प्रकृती कळली की आजार आधीच कळतात, तपासण्यांवर पैसे घालवू नका." हे लिहिणाऱ्याला एक पोरगी दाखवायची आहे. चौदा वर्षांची, काटकुळी. पौषात तिची आजी तिला घेऊन आली. नडग्या दुखतात, बोटं सुजतात, थंडी अजिबात सोसत नाही. भावानं मोबाइलवर प्रश्न सोडवून घेतले होते: दहापैकी आठ वात. दोन महिने तिळाच्या तेलानं मालिश चालू होती. खोटं कशाला बोलू, आधीच्या खेपेला मीही महायोगराज गुग्गुळ हे वातावरचं औषध लिहून मोकळी झाले होते. या खेपेला तिला उजेडात, दाराशी उभं केलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. पोट दाबलं तर प्लीहा, म्हणजे पानथरी, वाढलेली हाताला लागली. आजीला विचारलं, घरात आणखी कुणाला असं? "हिच्या मामाले होतं जी. लहानपनीच गेला."

ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह, मग इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या तपासणीत सिकलसेल, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. गडचिरोली, चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत विदर्भात हा आजार घराघरांत उतरत आलाय. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागचं एक अमिनो आम्ल बदलतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. थंडीत आणि अंगातलं पाणी कमी झालं की जास्त. म्हणजे पोरीनं 'थंडी सोसत नाही' यावर खूण केली ती अगदी खरी होती. आता ती हायड्रॉक्सियुरिया घेते, फॉलिक ॲसिड घेते, शाळेत पाण्याची बाटली नेते. तेल आजही चोळतात. चोळू देत.

राहिला डीएनए. असा अभ्यास झालाय, हे मान्य. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या पुढाकारानं झालेला तो शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. ३४१६ जणांची छाननी केली, त्यातून ज्यांची प्रकृती ठळक होती असे २६२ जण निवडले आणि त्यांच्या जनुकांत ५२ ठिकाणी गटागटांत फरक सापडला. पीजीएम१ या जनुकाचा पित्ताच्या लक्षणांशी संबंध दिसला. मला तो अभ्यास आवडतो. आमच्या शास्त्रात कुणीतरी मोजमाप करायला बसलं. पण ते २६२ च्या २६२ पुरुष होते. बचत गटातल्या एकाही बाईबद्दल तो काही सांगत नाही, आणि झेरॉक्सच्या कागदाबद्दल तर मुळीच नाही. तिथं निवड वैद्यांच्या तपासणीतून झाली होती. "सरकारनंही मान्य केलं" म्हणतात त्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयुष मंत्रालयानं प्रकृती परीक्षणाचं देशव्यापी अभियान काढलं, एक कोटीहून जास्त लोकांनी त्यात भाग घेतला. त्यात आयुर्वेदाचे डॉक्टर आणि विद्यार्थी माणसासमोर बसून विचारत होते. फिरणारा कागद त्यांचा नाही.

पाच हजार वर्षांचा आकडाही असाच फुगवलेला. आज हातात असलेल्या चरकसंहितेचा शेवटचा मोठा भाग दृढबल नावाच्या वैद्यानं बऱ्याच नंतर पुरा केला, हे त्याच ग्रंथात लिहिलंय. जोडीदाराच्या दाव्यावर काही लिहीत नाही. पत्रिकेनंच पुरे केलंय.

परवा ती पित्तवाली बाई पुन्हा आली, टाचेची भेग पिकली म्हणून. जखम धुतली, पट्टी बांधली, रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून कोकमाचं तेल लावायला सांगितलं, वेचणीला बूट घाल म्हटलं. जाताना घडी घातलेला तोच कागद तिनं पिशवीतून काढला.

"मॅडम, त मंग मी कोन हाव?"

म्हटलं, आधी भेग भरू दे, हिमोग्लोबिन पाहू, मग सवडीनं बसू. नाडी पाहीन, माहेरचं विचारीन, तासभर लागेल.

"ते पाहाल मंग. पन ह्याच्यावर 'रागीट' लिहिलं हाय, तेवढं पेनानं खोडून द्या ना जी. सासू रोज वाचून दाखोते."

खोडून दिलं. खाली सहीही मागितली तिनं.