'पिंक फ्लॅग'नंतरचे वायर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लंडनच्या वायर या बँडचा १९७७चा 'पिंक फ्लॅग' हा अल्बम तेवढा अस्सल, पुढे सिंथेसायझरच्या नादी लागून त्यांनी पंक या वेगवान, रांगड्या रॉक संगीताशी प्रतारणा केली आणि मी त्यांच्या '१५४' या अल्बमला उगाच डोक्यावर घेतलं, असं तुमचं म्हणणं.

मला ते पटत नाही, आणि कारण 'पिंक फ्लॅग'मध्येच आहे. पस्तीसेक मिनिटांत २१ गाणी. 'फील्ड डे फॉर द संडेज' तर अर्ध्या मिनिटाचंही नाही, कान टवकारेपर्यंत संपतं. शब्द संपले की गाणं संपलं. पुन्हा ध्रुवपद नाही, गिटारची कसरत नाही. पण याच अल्बमची सुरुवात 'रॉयटर्स'ने होते. संथ, जड, तीन मिनिटांचं गाणं. नुसता वेगच हवा असता तर त्यांनी हे सगळ्यात आधी ठेवलं असतं का?

पुढच्याच वर्षीच्या 'चेअर्स मिसिंग'मधलं 'आउटडोअर मायनर' घ्या. चाल अशी गोड की दिवसभर ओठांवर राहते. आणि विषय कोणता, तर पान आतून पोखरणारा किडा! आपल्या लिंबाच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटवणारी नागअळी असते ना, तसाच. असं गाणं केवळ खपावं म्हणून कोण लिहील?

'१५४' हे नाव म्हणजे बँडच्या तोवर झालेल्या कार्यक्रमांचा आकडा. त्या अल्बममध्ये गिटार कुठे संपते आणि कीबोर्ड कुठे सुरू होतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मला तो म्हणूनच आवडतो.

१९८७च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी जुनी गाणी वाजवली नाहीत, याला तुम्ही माज म्हणता. पण त्यांनी एक्स-लायन टेमर्स हा चाहत्यांचा बँड सोबत नेला होता. आधी तो अख्खा 'पिंक फ्लॅग' वाजवायचा, मग वायर आपलं नवं. श्रोत्यांना जुनंही मिळालं आणि यांना मागे वळावं लागलं नाही. मला यात प्रामाणिकपणा दिसतो.

१९९०च्या 'मॅनस्केप'बद्दल मात्र तुमचा राग रास्त आहे. ड्रमचं काम यंत्राकडे गेलं, ड्रमर रॉबर्ट गोटोबेड बाहेर पडला, आणि उरलेल्या तिघांनी बँडच्या नावातलं शेवटचं इंग्रजी अक्षरही गाळलं. तो अल्बम मीही क्वचितच लावतो.

पण तुम्ही तिथेच थांबलात. २००३चा 'सेंड' ऐका, आवाज मोठा ठेवून. पहिल्याच गाण्याचं नाव आहे 'इन द आर्ट ऑफ स्टॉपिंग'. ऐकून झाल्यावर इथेच लिहा, मी वाट पाहतो.