डिस्कसचं बाळंतपण

गप्पी पाळणाऱ्याला काही करावं लागत नाही. टाकीत मासे सोडले की पिल्लं होतच राहतात. डिस्कसच्या बाबतीत मात्र कळा येतात त्या पाळणाऱ्याला.

हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. त्याला पाणी हवं मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २८ ते ३० अंश ऊबदार. जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत, म्हणून साहेबांना आरओचं पाणी. घरची माणसं पितात नळाचं. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मी उठता-बसता टाकीत बुडवतो. एवढ्या वेळा स्वतःचं ब्लडप्रेशर मोजलं असतं तर डॉक्टर खूश झाले असते.

पहिली पंचाईत जोडीची. नर कोण, मादी कोण हे वरून कळतच नाही. अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली बारीकशी नळी दिसते, नराची टोकदार, मादीची जाड नि बोथट. तीही दिसली तर दिसली. शिवाय आपण ठरवलेलं स्थळ त्यांना पसंत पडेलच असं नाही. पाच-सहा मासे एकत्र वाढवायचे आणि कोणाचं कोणाशी सूत जुळतंय ते बघत बसायचं. आमच्याकडे जुळलं. एकमेकांपुढे वाकून नमस्कार झाले, दोघांनी मिळून अंड्यांसाठी ठेवलेला मातीचा शंकू तोंडाने घासूनपुसून लख्ख केला, अंडी घातली, आणि बघता बघता सगळी पांढरीफटक पडली. पुढच्या खेपेला 'नवरा'ही अंडी घालू लागला तेव्हा उलगडा झाला. दोघीही माद्या! संसार मात्र दृष्ट लागावा असा.

यथावकाश खरी जोडी मिळाली. अंडी फुटायला साधारण ६० तास लागतात. अंधारात आईबाप बिथरू नयेत म्हणून रात्रभर मिणमिणता दिवा, घरात दबकी पावलं, आणि टाकीसमोर खुर्ची टाकून मी. "आपल्या वेळी घोरत होतास," बायको म्हणाली. पहाटे डुलकी लागली. उठून बघतो तर शंकू पुन्हा लख्ख, आणि बाप काचेला तोंड लावून नाश्ता मागतोय.

आता शंकूभोवती जाळी लावतो. आईबापांनी बाहेरून पंखाने वारा घालावा, तोंड मात्र आत जाऊ नये. पण पिल्लं पोहू लागली की त्यांचं पहिलं अन्न म्हणजे आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव! म्हणजे ज्याने अंडी गिळली त्याच्याच अंगावर पोरं वाढवायची. पापणीच्या केसाएवढी पिल्लं बापाच्या कुशीला टोचे मारत लोंबकळतात. तो वैतागला की अंगाला असा झटका देतो की सगळी पलटण आईच्या गळ्यात.

आठवडाभरात त्यांना आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीकसा जीवही लागतो, तोही जिवंत, अंड्यातून ताजा फुटलेला. त्यासाठी ओट्यावर मिठाच्या पाण्याची बाटली अहोरात्र बुडबुडते. बायकोने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, "पाहुण्यांनो, हे सरबत नव्हे."