मायनर, पण रोल नंबरप्रमाणे

सकाळपासून डोकं फिरलंय. लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. मल्टिडिसिप्लिनरी मायनरचा, म्हणजे जोडीला दुसऱ्या शाखेचा विषय निवडायचा, त्याचा गुगल फॉर्म आला. तिला सिव्हिलवाल्यांचं हायड्रॉलॉजी हवं होतं, आजोळी दर उन्हाळ्यात टँकर बघितलेत तिने, त्यामुळे पाण्याचं काहीतरी करायचं डोक्यात आहे. तर उत्तर आलं, सिव्हिलचं लेक्चर आणि तुमचं डीबीएमएसचं (डेटाबेसचं) प्रॅक्टिकल एकाच वेळी आहे, रोल नंबर 31 ते 60 ला उद्योजकता देतोय, फॉर्म भरून टाका. अरे मग फॉर्म कशाला काढला??

मी 1997 ला मेकॅनिकलच्या सेकंड इयरला होतो. तेव्हा असलं काही नव्हतंच, आपली ब्रँच भली नि आपण भले. मला ॲम्प्लिफायर करायचं वेड. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये एक असिस्टंट होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. शनिवारी दुपारी मला आत घ्यायचे, सोल्डरिंग गन हातात द्यायचे आणि म्हणायचे, "कोणी विचारलं तर मल्टिमीटर परत करायला आलोय म्हण." वर्षभर मी मल्टिमीटरच परत करत होतो.

आता सगळं अधिकृत आहे म्हणे. 2018 ला एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, मॉडेल करिक्युलम काढला, पूर्ण डिग्रीचे क्रेडिट कमी करून 160 वर आणले. मग 2020 चं शैक्षणिक धोरण, मग क्रेडिट बँक, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा ठेवायचं खातं. कागदावर झक्कास! पण शेवटी हे सगळं चालतं टाइमटेबलवर. प्रत्येक डिपार्टमेंट आपापलं टाइमटेबल लावणार, प्रॅक्टिकलच्या बॅचेस वेगळ्या, आणि आठवड्यातले दोन तास सगळ्या कॉलेजला एकदम मोकळे ठेवायचे म्हटलं की प्रत्येक एचओडीच्या कपाळावर आठी. मामांना जे किल्लीने जमलं ते यांना सॉफ्टवेअर घेऊन जमेना.

बरं, सगळंच मुलांच्या मर्जीवर सोडा असं मी म्हणत नाही. मॅथ्स ऑप्शनला टाकलं असतं तर मीच पहिला पळालो असतो, आणि एम थ्रीची (गणिताच्या तिसऱ्या पेपरची) केटी अजून स्वप्नात येते.

हे टाइप करतानाच एका प्राध्यापक मित्राचा फोन आला. जरा शांत झालो. म्हणाला, अरे सिव्हिलला पर्मनंट माणसं किती उरलीत बघ, बाकी सगळे तासिका तत्त्वावर, त्यात बाहेरच्या ब्रँचची साठ पोरं आली तर त्यांचं टर्मवर्क कोण तपासणार, व्हायवा कोण घेणार? खरंय बाबा त्याचं. माणसंच भरायची नाहीत आणि फ्लेक्सिबिलिटी मागायची, त्या मास्तरने तरी काय करावं. पण मग तसं सरळ सांगा ना पोरांना, पसंतीक्रम 1 ते 5 लिहायला लावून थट्टा कशाला करता.

लेकीला मामांची गोष्ट परत सांगितली. म्हटलं सिव्हिलच्या सरांना जाऊन विचार, नुसतं मागे बसू का म्हणून. तर म्हणते, "बाबा, आता बायोमेट्रिक आहे. तेव्हा मी डीबीएमएसला नसले तर ॲबसेंट लागते."

फॉर्मची मुदत रात्री बारापर्यंत आहे. अजून भरलेला नाही तिने.