सावत्र मुलाच्या जन्मदाखल्याला हात लावू नका

‘दादा, एजंट बावीस हजार मागतोय. दाखला घेऊन उद्या अकराला बोलावलंय. देऊ का?’

माझ्या धाकट्या मावसबहिणीचा सोलापूरहून फोन. तिकडे सकाळ, इकडे न्यू जर्सीत मध्यरात्र. गेल्या वर्षी तिचं दुसरं लग्न झालं. नवरा आपलाच मराठी माणूस, पण आता अमेरिकेचा नागरिक. पहिल्या लग्नाचा मुलगा चौदा वर्षांचा. माय-लेकाला इकडे अमेरिकेत आणायचं आहे, म्हणून कागदपत्रांची जुळवाजुळव चालली आहे. एजंट बावीस हजार कशाचे मागतोय, तर मुलाच्या जन्मदाखल्यावर जन्मदात्या बापाऐवजी नव्या नवऱ्याचं नाव ‘लावून देण्याचे’.

ही कल्पना त्या एजंटाची नाही. ‘सावत्र मुलांना अमेरिकेला नेण्याचे सात नियम’ नावाचा मेसेज पंधरा दिवसांपासून फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला आणि तिन्ही वेळा मी पुसून टाकला. ती माझी चूक झाली, तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. मेसेजखाली कुणाचं नाव नाही, तारीख नाही, कायद्याचं कलम नाही. मी वकील नाही. पण नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलीसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला अमेरिकेत आणण्यासाठी भरायचा अर्ज, मी स्वतः भरला आहे. कागदोपत्री ती माझी सावत्र मुलगी आहे, घरात तो शब्द कुणी वापरत नाही.

आधी तो तिसरा नियम घेतो, कारण त्याच्यामुळे माणसं आयुष्यातून उठतील. ‘जन्मदाखल्यावर वडिलांच्या जागी सध्याच्या पतीचे नाव नोंदवून घ्या, म्हणजे नाते सिद्ध करावे लागत नाही.’

नातं सिद्ध करावं लागतंच, आणि ते ह्याच दाखल्याने होतं. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात ‘मूल’ म्हणजे कोण, याची व्याख्या आहे. कलम १०१(बी)(१)(बी) सावत्र मुलाचं. अट एवढीच, की ज्या लग्नामुळे सावत्र नातं तयार झालं ते लग्न मुलाला अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं असावं. आय-१३० अर्जासोबत सरकारने ज्या सूचना दिल्या आहेत, त्यात सावत्र मुलासाठी काय जोडायचं ते लिहिलेलं आहे. मुलाचा जन्मदाखला. त्याच्या जन्मदात्या पालकाशी सावत्र पालकाचं लग्न झाल्याचा दाखला, मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधीच्या तारखेचा. आणि आधीची लग्नं कायद्याने संपल्याचे कागद, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. ह्या सूचना फुकट मिळतात, कुणीही वाचू शकतो.

ही साखळी कशी चालते ते पाहा. जन्मदाखला सांगतो की हा मुलगा ह्या बाईचा. लग्नाचा दाखला सांगतो की ही बाई ह्या माणसाची बायको. झालं नातं सिद्ध. यात आईचं नाव महत्त्वाचं. वडिलांच्या रकान्यात जन्मदात्याचं नाव असणं ही अडचण नाही, ते तिथे असायलाच हवं. तिथे नव्या नवऱ्याचं नाव घातलंत की तो सावत्र बाप राहत नाही, कागदावर जन्मदाता बाप होतो. आणि त्याच फाईलमध्ये बहिणीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा आहे. त्यात मुलाच्या ताब्याचं कलम आहे, मुलाचं पूर्ण नाव आहे, बापाचं नाव आहे. दोन कागद एकमेकांना खोटं पाडणार आणि अधिकाऱ्याला ते दिसायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. मग प्रश्न एका दाखल्याचा राहत नाही. व्हिसासाठी महत्त्वाची बाब खोटी सादर केली असं ठरलं, तर त्या माणसाला अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. माफीचा अर्ज असतो, पण तो सगळ्यांना करता येत नाही आणि मंजूर होईलच असंही नाही. जे काम तीन खऱ्या कागदांवर होतं, त्यासाठी एक खोटा कागद विकत घ्यायचा?

आपल्याकडचा कायदाही एजंटाच्या बाजूने नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातलं कलम १५ दुरुस्तीचं. नोंद चुकीची असेल, किंवा खोटेपणाने वा अयोग्य रीतीने केलेली असेल, तर निबंधक ती दुरुस्त करतो. बापाचं नाव बरोबर लागलेलं आहे आणि नंतर आई-बाप वेगळे झाले, ही नोंदीतली चूक नव्हे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, कारण मेसेज पसरला तो तिच्याच जोरावर. आपल्याकडे मुलाच्या नावातच बापाचं नाव असतं. हजेरीत, गुणपत्रिकेवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, सगळीकडे मधलं नाव बापाचं. दुसरं लग्न झालेल्या आईला वर्गातल्या पालकसभेपासून बँकेपर्यंत दर ठिकाणी खुलासा द्यावा लागतो. तिला ते नाव बदलावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही, आणि त्याला रीतसर मार्गही आहे. राजपत्रात जाहिरात द्यायची, मग आधार, शाळा, पासपोर्ट. २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पहिला नवरा वारल्यावर पुन्हा लग्न केलेल्या एका आईच्या खटल्यात, मुलाचं आडनाव ठरवण्याचा तिचा अधिकार मान्य केला. उच्च न्यायालयाने नव्या पतीचा उल्लेख कागदोपत्री ‘सावत्र वडील’ असा करायला सांगितलं होतं, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ क्रूर म्हटलं. मलाही ते पटतं. पण मुलाचं स्वतःचं नाव बदलणं वेगळं आणि जन्माच्या नोंदीतला बाप बदलणं वेगळं. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत अर्जाला जोडा. दाखला जसा आहे तसाच राहू द्या.

आता डीएनए. ‘सावत्र वडील व मूल यांची डीएनए चाचणी अनिवार्य, अहवाल ९९ टक्के जुळला पाहिजे.’

हे लिहिणाऱ्याने लिहिताना एकदाही विचार केला नाही. सावत्र बाप आणि मूल यांचं रक्ताचं नातं नसतं, म्हणून तर सावत्र म्हणायचं! चाचणी केली तर ती जुळणार नाही, आणि जुळलीच तर तो सावत्र बाप नव्हे. तरीही माझ्या ओळखीच्या एका घरात ह्या वाक्यावरून दोन दिवस रडारड झाली. बाईला वाटलं, आता चाचणी जुळणार नाही आणि मुलगी मागे राहणार. डीएनएचा प्रश्न येतो तो आई आणि मूल यांच्यात, तोही जन्मदाखला नसेल किंवा शंकास्पद असेल तेव्हा. तेव्हाही अधिकारी सुचवतो, सक्ती करत नाही, आणि चाचणी एएबीबी ह्या अमेरिकी संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच व्हावी लागते. गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल तिथे चालत नाही.

‘आधी कायदेशीर दत्तक घ्यावे लागते.’ नाही. दत्तक मुलाचं कलम वेगळं, त्याच्या अटी वेगळ्या. सर्वसाधारणपणे सोळा वर्षांच्या आत दत्तक आणि दोन वर्षांचा ताबा व सहवास. सावत्र नात्याला ह्यातलं काहीच लागत नाही. उलट दत्तकासाठी जन्मदात्या बापाच्या संमतीमागे धावावं लागेल आणि त्यात वर्षं जातील.

‘मूल सावत्र वडिलांसोबत एका घरात राहिल्याचा पुरावा हवा.’ हे एके काळी काही प्रमाणात खरं होतं. ज्याने लिहिलं त्याने चाळीस वर्षं जुनं काहीतरी वाचलं असावं. तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने १९८१ मध्ये मॅकमिलन प्रकरणात स्पष्ट केलं, की वैध लग्न पुरेसं आहे, आधीपासून एकत्र कुटुंब असण्याची अट नाही. लग्न खरं असल्याचा पुरावा मात्र लागतो. नवरा-बायकोचे फोटो, एकमेकांकडे केलेले प्रवास, पैसे पाठवल्याच्या नोंदी, ते सगळं जपून ठेवा.

वयाबद्दल मेसेज म्हणतो, ‘१८ वर्षे झाली की संपले.’ अर्धवट. अठराची अट लग्नाच्या तारखेला आहे, अर्जाच्या नाही. मूल सतरा वर्षांचं असताना आईचं लग्न झालं आणि अर्ज ते वीस वर्षांचं असताना भरला, तरी चालतं. नागरिकाने मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी अर्ज दाखल केला की त्या दिवशीचं वय धरलं जातं, फक्त मुलाने लग्न करता कामा नये. एकविशी उलटली तरी अर्ज करता येतो, पण मग रांग लांबलचक.

‘बायकोच्या अर्जात मुले आपोआप येतात.’ अर्ज करणारा ग्रीन कार्डधारक असेल तर येतात. नागरिक असेल तर येत नाहीत, प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो. इथे फसलेली माणसं मी पाहिली आहेत. आईचा व्हिसा आला आणि मुलाच्या नावाचा अर्जच नव्हता. बहिणीला पहिला प्रश्न मी हाच विचारला. नवऱ्याने दोन अर्ज भरलेत, नशीब.

सातवा नियम, ‘ग्रीन कार्ड मिळताच मूल अमेरिकन नागरिक’, साफ खोटा. मूल आपोआप नागरिक होतं ते जन्मदात्या किंवा दत्तक पालकामुळे. सावत्र बाप नागरिक असून भागत नाही. पुढे आई स्वतः नागरिक झाली आणि तेव्हा मूल अठराच्या आत, ग्रीन कार्डवर, तिच्या ताब्यात तिथेच राहत असेल, तर तिच्यामुळे होतं. आणखी एक. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर आईसारखंच मुलालाही दोनच वर्षांचं कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१, म्हणजे ही दोन वर्षांची अट काढून घेण्याचा अर्ज, भरायचा असतो. मुलाचं नाव त्यात घालायला विसरू नका.

ज्यावर फाईल खरोखर अडकते, त्याबद्दल ह्या मेसेजमध्ये एक ओळ नाही. आधीच्या लग्नाचा शेवट. आपल्याकडे अजूनही शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीपुढे, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ‘घटस्फोट’ होतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला जागा आहे, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. पहिलं लग्न कायद्याने संपलंच नसेल तर दुसरं वैध नाही, आणि दुसरं वैध नाही तर सावत्र नातंच जन्माला आलेलं नाही. ज्यांच्याकडे फक्त स्टॅम्प पेपर आहे, त्यांनी पैसे एजंटाला न देता कौटुंबिक न्यायालयातल्या वकिलाला द्यावेत.

माझ्या मुलीची मुलाखत मुंबईत झाली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. बायकोने नंतर मला सगळं सांगितलं. काचेपलीकडच्या बाईंनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले. जन्मदाखला, हुकूमनामा, आमच्या लग्नाचा दाखला. तारखांवरून एकदा बोट फिरवलं. मग मुलीला विचारलं, न्यू जर्सीत कोण राहतं? ती म्हणाली, बाबा. दाखल्यावर तिच्या जन्मदात्याचं नाव होतं, आजही आहे. त्याबद्दल एक शब्द कुणी विचारला नाही.

बहीण एजंटाकडे गेली नाही. तिने दाखल्याचा फोटो पाठवला. ग्रामपंचायतीचा, घडीवर विरलेला, फक्त मराठीत. इंग्रजी भाषांतर लागणार होतं. ते दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करावं आणि आपल्याला भाषा येतात व भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं खाली लिहून सही करावी, एवढीच अपेक्षा असते. मी रविवारी बसून ते केलं. मध्येच फोनवर भाचा आला. ‘मामा, माझं मधलं नाव बदलायचंय का?’ मी म्हटलं, तुला बदलायचंय का? तो म्हणाला, दहावी होऊ दे, मग बघू. मी वडिलांच्या रकान्यातलं नाव जसंच्या तसं, अक्षर न अक्षर पडताळून, टाइप केलं.