ब्रासभर हवा

मालवणजवळच्या आमच्या गावात घर बांधायचं ठरलं तेव्हा मी काँट्रॅक्टरला एकच प्रश्न विचारला, "खर्च किती येईल?" त्याने आंब्याकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाला, "काकानू, सगळा त्यातच बसतला." कशात, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पस्तीस वर्षं मुंबईत बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस गावी एसटीतून उतरला की एवढा भोळा का होतो, देव जाणे.

जोतं वर येत गेलं तसतशी माझी एफडी खाली जात गेली. दर शनिवारी काँट्रॅक्टर सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर आकडा लिहून द्यायचा. पाकीट लहान, आकडा मोठा.

शिमग्याला पुतणी आली. पुण्यात ती क्वांटिटी सर्व्हेअर आहे. आम्हाला आजवर वाटायचं, हा जमीनमोजणीचा प्रकार असावा. आमच्या हिने तर लग्नाच्या स्थळांत 'तलाठ्यासारखं काहीतरी' असं सांगून ठेवलं होतं. पण ती मोजते ते बांधकाम: कुठे किती माल लागायला हवा, किती लागला, आणि कशाचे पैसे किती. फी विचारली तर म्हणाली, "काका, रोज सुरमई." पहिला अंदाज माझा तिथेच चुकला. तिला पापलेटही चालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूचा डंपर आला आणि ही टेप घेऊन थेट हौद्यात चढली. आतून बारा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट उंच. म्हणजे 180 घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा 1.8 ब्रास. पाकिटावर मात्र दर खेपेला दोन. आतापर्यंत दहा खेपा झाल्या होत्या. दोन ब्रास वाळू नुसती कागदावर येऊन पडली होती.

एवढ्यावर थांबेल तर ती आमच्या घरातली कसली! तिने न्हाणीघरातली बादली आणली, त्या दमट वाळूने काठोकाठ भरली, वर तुडुंब पाणी ओतून काठीने ढवळली. वाळू चार बोटं खाली बसली. "वाळू ओलसर असली की कणाकणाभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि वाळू फुगते. पाणी भरपूर झालं की परत बसते." थोडक्यात, आमच्या अंगणात फुकट वाहणारी खाऱ्या वाऱ्याची हवा मी ब्रासच्या भावाने विकत घेत होतो.

मग भिंती. चिऱ्याचं बांधकाम पाकिटावर सलग मोजलेलं होतं. चार बाय चारच्या आठ खिडक्या, म्हणजे 128 चौरस फूट नुसती भोकं, आणि त्यांचीही मजुरी मी दिलेली. बांधकाम कसं मोजायचं, कुठलं भोक वजा करायचं आणि कुठलं नाही, याचं आयएस 1200 नावाचं अख्खं मानक आहे, हे ऐकून गवंडी एवढा थक्क झाला की त्याने तोंडातलं पान थुंकलं. ते नेमकं मोजलेल्या भिंतीवर.

सळई मात्र बिनचूक निघाली. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 केलं की मीटरभर सळईचं वजन किलोत मिळतं, म्हणजे बारा मिलिमीटरची सळई मीटरला 888 ग्रॅम. नग मोजून, गुणून काट्याच्या पावतीशी ताडलं तर जुळलं. मला जरा वाईटच वाटलं. चोर एकदा ठरवला की त्याने सगळीकडे चोरी करावी, असं आपल्याला वाटतं.

त्याहून वाईट पुढे झालं. मागच्या कोपऱ्यात कातळ लागला नाही म्हणून पाया दीड फूट जास्त खोल गेला होता, आणि काँट्रॅक्टर त्याचे पैसे लावायलाच विसरला होता. कार्टीने ते त्याच्या बाजूला मांडले. "अगं, तू कोणाची पुतणी?" "काका, टेपला काका नसतो." काँट्रॅक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा काकानू, मी लबाड नाय, माका फक्त गणित येणा नाय."

शेवटचं पान लाल शाईत होतं: 'मालकाने ऐनवेळी केलेले बदल.' देवघर दोनदा हलवलं. मेव्हण्याने वास्तुशास्त्र वाचलं म्हणून संडास फिरवला. ओटा हिच्यासाठी वर घेतला, मग बहिणीसाठी खाली. पडवी शेजाऱ्याच्या पडवीपेक्षा हातभर मोठी. वाळू, हवा आणि खिडक्या मिळून जेवढे गेले होते, त्याच्या तिप्पट हा आकडा. मी ते पान हिच्या हाती लागण्याआधी पंचांगात घालून ठेवलं.

स्लॅबच्या दिवशी गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा, काय वाकडा-नाकडा असात ता दूर कर, आणि ह्या खर्चाक आता तरी आळो बसू दे रे म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा!" काँट्रॅक्टर ओरडला. संध्याकाळी नवं पाकीट आलं. त्यावर सगळ्यात वर होतं: 'नारळ, 7.'

पुतणीने वही उघडली. "काका, फोडले पाच."